सुरेखाच्या गालावरचे ठिपके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. म्हटलं तर काय, एका कॉम्प्युटरचीच गोष्ट. पण मग त्याच्या पंख्याचा आवाज अजून का ऐकू येतो?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नौपाड्यात लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. लोक फोटो आणून देत, आम्ही ते स्कॅन करून सर्व्हरवर टाकत असू. फोटो सुधारणारं सॉफ्टवेअर मी तिथे कायम चालू ठेवलं होतं—मागच्या खोलीत, मॉनिटरही नसलेल्या मशीनवर. प्रत्येक फोटो त्याच्याकडे जायचा आणि धुळीचे कण पुसून आपोआप साइटवर यायचा. मध्ये कुणी बघायचं नाही. मला त्याचा केवढा गर्व होता!

किती पुसायचं, तो आकडा मीच वाढवला होता. चेहरे नितळ दिसू लागले, मालक खूश झाले. धूळ कुठली आणि माणसाची कातडी कुठली, हे त्याला कसं कळणार? मला कळत होतं की.

कोलशेतच्या सुरेखाच्या गालावर काळे ठिपके होते, लहानपणी मासे तळताना तेल उडालेलं. तो गाल मुद्दाम पुढे करून काढलेला फोटो तिने स्वतः आणून दिला. मागाहून कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको, म्हणाली. मी तो हातात घेतला होता—विसरलो म्हणायची सोय नाही.

साइटवरचा नितळ फोटो पाहून डोंबिवलीहून मुलाकडचे तिला बघायला आले आणि फसवलंत म्हणून पोहे टाकून उठले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन ऑफिसात आले. आवाज चढलेला नव्हता.

“फोटू तुमी बदलला का?”

तिचा फोटो माझ्या टेबलाच्या खणात होता. माझ्या गुडघ्याशी.

“कॉम्प्युटर स्वतःहून काही बदलत नाही, काका. तुम्ही दिलात तोच आहे.”

त्यांनी सावकाश वळून मुलीकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसला होता—माझ्यावर.

“बाबा, मी ठिपकेवालाच दिलेला,” ती एकदाच म्हणाली.

पुढे ते तिच्याशी बोलेनासे झाले, असं कानावर आलं. आकडा मी कमी केला नाही. चेहरे अचानक बदलले असते, कुणीतरी विचारलं असतं. मी नोकरी सोडली तेव्हाही मशीन चालूच होतं.

आणि तिचा फोटो—तो मी त्याच संध्याकाळी फाडला. त्या गालापासून सुरुवात केली.