अठ्ठावीस इंचांचा ओटा

ती केस आजही आठवते, आणि इतक्या बारकाव्यांनिशी आठवते याचं मलाच थोडं नवल वाटतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, अपहरणं पाहिली, दरोड्याच्या एका तपासात दोन महिने घरचं तोंड पाहिलं नाही. त्यातल्या कितीतरी केसेस आता फाइल समोर आल्याशिवाय सांगता येणार नाहीत. एका अर्धवट तोडलेल्या स्वयंपाकघराची केस मात्र मी झोपेतून उठवलं तरी सांगेन.

तेव्हा मी दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ड्यूटी ऑफिसरच्या टेबलापुढे साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते आणि शेजारी व्हीलचेअरवर त्यांच्या पत्नी होत्या. ड्यूटी ऑफिसर त्यांना सांगत होता की हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक न्यायालयात जा. त्याचं फार चुकत होतं असं नाही. घराचं काम अर्धवट टाकून पळालेल्या ठेकेदारांच्या तक्रारी आमच्याकडे सतत येत, आणि अशा प्रत्येक तक्रारीचा गुन्हा होत नाही. मी पुढे जाणार तेवढ्यात ते गृहस्थ पत्नीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "चल, इथंही काही व्हायचं नाही. उगाच तुला ओढत आणलं."

दिल्लीच्या ठाण्यात मराठी कानावर पडली की माझे पाय थबकत. मी मूळचा साताऱ्याकडचा, परीक्षा देऊन दिल्ली पोलिसात आलो तो इथलाच झालो. दोघांना माझ्या खोलीत नेलं आणि चहा सांगितला.

गृहस्थ वर्धा जिल्ह्यातले. एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. बरीच वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, मग तळमजल्यावरचा एक डीडीएचा, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचा फ्लॅट घेतला. सामान लागतंय न लागतंय तोच पत्नीला पक्षाघात झाला. बोलणं परत आलं, पण उजवा हात आणि उजवा पाय आला नाही. या बाई भीमजयंतीला पन्नास माणसांचा स्वयंपाक एकट्यानं करायच्या. मुनिरक्यात खोल्या घेऊन परीक्षांचा अभ्यास करणारी महाराष्ट्रातली मुलं रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायची. आजारानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. व्हीलचेअरवर बसलं की ओटा छातीच्या वर यायचा, आणि खाली कपाटं असल्यामुळे खुर्ची आत जायची नाही. स्वयंपाकाला बाई ठेवली. तिच्या हातचं खाताना या गप्प बसत, आणि ते गप्प बसणं नवऱ्याला सोसेना.

म्हणून त्यांनी किचन नव्यानं करायचं ठरवलं. तीन डिझायनर पाहिले. त्यातल्या तिसऱ्याचं शोरूम झकपक होतं. मोठ्या टीव्हीवर तो तुमचंच किचन फिरवून दाखवायचा. पण गृहस्थांनी त्याला निवडलं ते एका फोटोमुळे. फोटोत ठेंगणा ओटा होता, ओट्याखाली मोकळी जागा होती आणि पाठमोरी बसलेली एक बाई पोळी लाटत होती. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, हे आमचंच काम आहे, तुमचंही असंच करू. त्याच्या छापील कॅटलॉगमध्येही तेच लिहिलं होतं. त्यानं आगाऊ रक्कम घेतली, माणसं आली, जुना ओटा फोडला, कपाटं काढली, आणि त्यानंतर कोणीच आलं नाही. फोन बंद, शोरूमला कुलूप. तीन महिने हे दोघं बाल्कनीत शेगडी ठेवून दिवस काढत होते.

मी विचारत होतो, गृहस्थ उत्तरं देत होते. करारपत्र, मेसेज, तारखा, सगळं त्यांनी फाइलला नीट लावलं होतं. अर्धा तास झाला तशी बाईंनी तोंड उघडलं.

"साहेब, त्या फोटोचं मला विचारा ना."

मी ओशाळलो. अर्ध्या तासात मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, "सांगा ताई."

"हा फोटो कॉम्प्युटरवर बनवलेला नाही. या ओट्यावर कोणी तरी रोज रांधतं." त्यांनी डाव्या हाताचं बोट कॅटलॉगवर ठेवलं. "मिसळणाचा डबा डावीकडे आहे, सांडशी डावीकडे टांगलेली आहे. पोळपाटाखाली ओलं फडकं घातलंय, तो सरकू नये म्हणून. दोन्ही हात चालणाऱ्या बाईला त्याची एवढी गरज नाही पडत. ही माझ्यासारखी आहे."

फसवणुकीच्या गुन्ह्यात एक गोष्ट सिद्ध करावी लागते. फसवण्याचा हेतू पहिल्या दिवसापासून होता, ही. काम घेतलं आणि नंतर जमलं नाही, असं आरोपी म्हणाला की केस तिथंच लंगडी पडते. पण हे किचन त्यानं बनवलेलंच नसेल, तर त्याचं पहिलंच वाक्य खोटं होतं. मी गुन्हा नोंदवून घेतला आणि तपास स्वतःकडे ठेवला. ठाण्यात थोडी चेष्टा झाली. नोंदी ठेवणारा मुन्शी म्हणाला, साहेब आता गॅसच्या शेगड्या जप्त करून मालखान्यात जमा करणार.

फोटोच्या प्रती काढून आम्ही प्लायवूडच्या आणि हार्डवेअरच्या बाजारांत फिरवल्या. आठवडाभर काहीच हाती लागलं नाही. मग एका दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. बोलणारा घाईत होता. शोरूमवाल्यानं फरीदाबादला नव्या नावानं दुकान उघडलंय, एवढं त्यानं सांगितलं. आणि फोटोतलं किचन कोणी बनवलं हे ओखल्यातल्या अमक्या गल्लीतला सुतार सांगेल, असं म्हणून फोन ठेवून दिला.

सुताराला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, बिहारकडचा, बोटांना फेविकॉलचे पापुद्रे. तो आला तो घामाघूम होऊनच. मला काही माहीत नाही, हे वाक्य त्यानं चार वेळा म्हटलं. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. कारागीर स्वतःबद्दल बोलायला घाबरतो, कामाबद्दल बोलायला घाबरत नाही. मी फोटो पुढे सरकवला आणि विचारलं, या खणांची हँडलं मधोमध का नाहीत, एका कडेला का आहेत? त्याचा चेहराच बदलला. तो खुर्चीत पुढे सरकला आणि मला समजावू लागला. डाव्या हातानं ओढायचं असेल आणि हँडल मधोमध असेल, तर बसलेल्या माणसाला अंग वळवावं लागतं. म्हणून ती डावीकडे घेतली, आणि खण जड होऊ नयेत म्हणून उथळ ठेवले. आराखडा करणाऱ्या डिझायनर मॅडमनी त्याच्याकडून ते तीनदा बदलून घेतले होते.

बोलता बोलता आपण काय कबूल केलं हे त्याच्या लक्षात आलं. तो थांबला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हटलं, फोनही तूच केलास ना? त्यानं मान हलवली. शोरूमवाल्याकडे काम मागायला गेला तेव्हा आपल्या हातचं काम म्हणून त्यानंच तो फोटो पाठवला होता. तोच फोटो पुढे कॅटलॉगमध्ये छापलेला दिसला. बोललो तर काम जाईल म्हणून तो गप्प राहिला. व्हीलचेअरवरच्या बाईंचं स्वयंपाकघर फोडायला गेलेल्या मजुरांकडून त्याला सगळं कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याला चैन नव्हतं.

त्यानं सांगितलेल्या मॅडम मुनिरक्यातच निघाल्या. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, एका खोलीत ऑफिस. ना शोरूम, ना टीव्ही. फोटोतलं किचन तिच्या आईचं होतं. आई तिथल्या विद्यार्थ्यांना डबे द्यायची. अपघातात तिचा उजवा हात निकामी झाला, उभं राहणंही संपलं आणि डबे बंद पडले. मुलीनं वर्षभर खपून तिच्यासाठी हे किचन केलं, आणि डबे पुन्हा सुरू झाले. आम्ही रीतसर मोजमापं घेतली, फोटोशी ताडून पाहिलं, मायलेकींचे जबाब घेतले. आपला फोटो असा कुठंतरी छापला गेलाय याचा दोघींना पत्ताच नव्हता.

मग फरीदाबाद. ते हरियाणात, त्यामुळे आधी तिथल्या ठाण्यात आमची आमद, म्हणजे आल्याची नोंद केली, त्यांचे दोन शिपाई सोबत घेतले आणि शोरूमवाल्याला चौकशीसाठी आणलं.

माणूस बोलायला गोड होता. मजूर पळाले, माल अडकला, काम दोन महिन्यांत करून देतो, साहेबांनी उगाच तकलीफ घेतली. वकिलानं पढवलेलं प्रत्येक उत्तर त्याच्याकडे तयार होतं. फोटोबद्दल विचारलं तर म्हणाला, बिल्कुल आमचंच काम आहे, मी स्वतः उभं राहून करून घेतलं. मी कागद-पेन त्याच्या पुढे ठेवलं आणि या ओट्याची उंची लिहा, असं सांगितलं. त्यानं क्षणभर विचार केला आणि चौतीस इंच लिहिलं. बाजारात सगळे तेवढीच ठेवतात. मी विचारलं, त्या घरातल्या बाईंचा कोणता हात चालत नाही? तो फोटो जवळ ओढून बघू लागला. फोटोतल्या बाईचा एक हात चालत नाही, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

मोजमापाचा कागद मी त्याच्या समोर ठेवला. ओटा अठ्ठावीस इंचांचा होता. त्यानंतर त्याचा गोडवा संपला. नव्या दुकानातून तोच कॅटलॉग मिळाला, आणि तोच फोटो दाखवून कामं घेतलेल्या आणखी चार कुटुंबांचा पत्ताही लागला. आरोपपत्र दाखल झालं. पुढे कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला आणि कुटुंबांची भरपाई करून दिली.

पण माझ्या लेखी केस उलगडली ती त्याआधीच, एका वेगळ्याच दिवशी. डिझायनर बाई एका कागदावर सही करायला ठाण्यात आली होती, आणि योगायोगानं हे दांपत्यही आलं होतं. मी ओळख करून दिली. डिझायनरनं खुर्ची ओढून बाईंच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून घेतलं आणि विचारलं, "आंटी, आप सबसे ज़्यादा क्या बनाती थीं?"

बाई म्हणाल्या, "पाटोडी रस्सा." मग ती कशी करतात ते सांगू लागल्या. बेसन किती घट्ट हवं, वड्या कापताना सुरी का ओली लागते. डिझायनर मध्येमध्ये विचारत होती. कढईचं वजन किती? पाणी कुठून घेता? दुपारी थकवा कधी येतो? गॅससमोर चक्कर येते का? मी दारात उभा राहून ऐकत होतो. इतक्या महिन्यांत इतक्या लोकांनी या बाईंना काय गेलं ते विचारलं होतं, मीही त्यात होतो. काय करायचंय हे विचारणारी ही पहिली.

संध्याकाळी गृहस्थ एकटे माझ्या खोलीत आले. एकदा पोळलेला माणूस. म्हणाले, "साहेब, या डिझायनरवर तरी भरवसा ठेवू का? तुम्ही सांगाल तसं करतो."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ती या केसमध्ये साक्षीदार आहे, मी तिची शिफारस करणार नाही. उद्या कोर्टात वकील विचारेल, काम मिळावं म्हणून साक्ष दिली का? माझा शब्द सोडा, तुमचा तपास तुम्ही करा. तिचं नवं काम बघू नका, दोन-तीन वर्षं वापरलेलं बघा. पैसे देणाऱ्याला विचारू नका, रांधणाऱ्याला विचारा. खण स्वतः उघडून बघा. सुताराला विचारा, रेखाटन आधी हातात मिळतं की तोंडी काम चालतं. ती काय बोलते त्यापेक्षा काय विचारते ते ऐका. आणि जाताना वहिनींना घेऊन जा, ठरवू दे त्यांना.

ते दोघं अशी तीन घरं बघून आले. शेवटी डिझायनरच्या आईकडे गेले. पुढे काय झालं ते त्यांनीच मला फोनवर सांगितलं. त्या आईनं काही न बोलता कणकेचा गोळा यांच्या पत्नीपुढे ठेवला आणि स्वतःची खुर्ची बाजूला घेतली. बाईंनी डाव्या हातानं लाटायला घेतलं. पोळी वेडीवाकडी झाली, एका बाजूनं फाटली. तव्यावर टाकली तर थोडी फुगली.

काम अडीच महिने चाललं. सुतार तोच होता, त्यानं मजुरी घ्यायला नकार दिला, पण बाईंनी ऐकलं नाही. मी नंतर एका रविवारी गेलो तेव्हा घरात सहा-सात विद्यार्थी जेवत होते आणि बाई खुर्चीवरून त्यांना दटावत होत्या की ताटात टाकायचं नाही. मलाही पाटोडी वाढली. तिखट इतकी की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटामुळेच आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

या केसनं मला चौकशी शिकवली, असं म्हटलं तर हाताखालचे अधिकारी हसतील, कारण चौकशी मीच त्यांना शिकवायचो. पण नोकरीच्या उरलेल्या काळात तक्रारदारासोबत कोणी गप्प बसलेलं असलं, तर मी पहिला प्रश्न त्या गप्प माणसाला विचारू लागलो. त्यातून किती केसेस उलगडल्या ते इथं सांगत नाही. एकच सांगतो.

निवृत्तीनंतर आम्हीही घराचं काम काढलं. डिझायनर आला, वही उघडली आणि सवयीनं माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, मला नको, हिला विचारा. त्यानं माझ्या पत्नीला विचारलं, मॅडम, आतापर्यंतच्या किचनमध्ये काही त्रास होता का? ती म्हणाली, तसा काही नाही, ओटे तेवढे मला सगळीकडे उंच पडले. लग्न झाल्यापासून प्रत्येक बदलीत, प्रत्येक क्वार्टरमध्ये, मी पाटावर उभी राहून स्वयंपाक केला.

एकतीस वर्षं मी त्याच घरांत जेवत होतो.