माझं औषध तुले लागत नाही

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतके धक्के मला आयुष्यात कोणी दिले नाहीत, आणि त्यातला एकही त्याने मुद्दाम दिलेला नाही. गोंदियाजवळच्या नागरा गावातल्या धानाच्या बांधीतून निघालेला हा मुलगा मुंबईच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं कॅन्सरच्या एकाच प्रथिनाच्या मागे लागला होता. तेवढ्या काळात त्याच्या बरोबरीच्यांनी गोंदियात दुकानं टाकली, वाढवली, काहींनी बुडवलीही. कुडव्याला आमच्या घरी त्याला मुलगी दाखवली. तिच्या वडिलांनी पसंती विचारली, तर हा शांतपणे म्हणतो, "एकच पाहून कसं सांगू? नमुना लहान आहे." पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. मी दारापर्यंत माफी मागत गेलो आणि परत येऊन बघतो, तर हा त्यांचे पोहे संपवत बसलेला.

पुढे त्याचं औषध खरंच निघालं. ज्या गाठीच्या पेशींवर एक ठरावीक खूण असते, नेमक्या त्याच पेशी गाठून मारणारं. गावात सत्कार झाला. अंगावर शाल घेऊन त्याने अर्धा तास ते औषध कोणाकोणाला लागू पडत नाही, एवढंच सांगितलं. आयोजकांची तोंडं बघवत नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्याच स्तनात गाठ निघाली. घाबरलो, पण खरं सांगतो, आतून निर्धास्त होतो. औषध घरचंच. सासूबाईंनी तर फुलचूरच्या नातेवाइकांना पेढे पाठवले. तपासणीचा रिपोर्ट घेऊन तो आला आणि चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणाला, "बाई, तुह्या गाठीवर खूणच नाही. माझं औषध तुले लागत नाही."

सख्ख्या बहिणीला कोणी असं सांगतं? मला त्याचा भयंकर राग आला.

नेहमीची केमो सुरू झाली. दर खेपेला तो मुंबईहून येऊन तिच्याजवळ बसायचा. "काऊन येऊन राहिला रे? हे काही तुह्यं औषध नाही," ती म्हणायची.

"दुसऱ्या कोनाचं आहे. त्यानंही जन्म घालवला असंल."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने तिच्याकडे गाठीचा तुकडा मागितला. बिनखुणेच्या गाठींवर त्याला काम सुरू करायचं होतं. माझा घास हातातच राहिला.

"ने," बायको म्हणाली. "मले ठेवून काय करायचं?"

"हिला उपयोग होईल त्याचा?" मी विचारलं.

"नाही, भाऊजी. लय वर्षं लागतेत. बाईसाठी..."

"कोनाले तरी होईल ना?" तिने त्याच्या ताटात भात वाढला. "जेव आता."

तो मान खाली घालून जेवत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.