मुलांचा अर्धा तास

मी बोलताना अडखळायचे. थोडंथोडकं नाही, चांगलंच. स्वतःचं नाव सांगायचं तर पहिल्याच अक्षराला गाडी अडायची आणि सगळा वर्ग दात काढायचा. त्या वर्गाला मी अजूनही माफ केलेलं नाही.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या ओळीत टीव्ही एकच, शेजारच्या काकूंकडे. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. नळावर पाय धुऊन यायचं, एवढीच त्यांची अट. तेव्हा टीव्ही लागायचाच संध्याकाळी दोन-तीन तास, आणि त्यात आठवड्यातून एकदा मुलांसाठी अर्धा तास. त्यातली ताई सुरुवातीला पडद्यातून बघणाऱ्या मुलांना नाव विचारायची आणि उत्तरासाठी जरा थांबायची. मी आपली पुढे बसून नाव सांगून टाकायचे. एकदाही अडले नाही. तिला ते ऐकू जातं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग टीव्ही सुधारला. रंग आले, घरच्या सगळ्यांनी बघायच्या मालिका आल्या. काकूंच्या सतरंजीवर मोठी माणसं येऊन बसू लागली. मलाही मालिका आवडायच्या, खोटं कशाला बोलू? पण एका आठवड्यात आमच्या अर्ध्या तासाच्या जागी मालिकाच लागली. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तापाने पडून होते, उत्तर द्यायला गेले नव्हते. म्हणजे ताई माझ्यावरच रुसली, अशी माझी समजूत झाली. काकूंच्या दारात बसून मी रडले आणि अडत-अडत त्यांना हे सगळं सांगितलं.

काकूंनी मला वेड्यात काढलं नाही. आत मालिका ऐन रंगात आलेली. त्यांनी सरळ जाऊन टीव्ही बंद केला. लोक कुरकुरले, त्यांचे मिस्टरसुद्धा. काकू टीव्हीपुढे मांडी घालून बसल्या आणि मला समोर बसवलं.

"काय नाव वं तुझं?"

मी अडले ती अडलेच. मागून कोणी माझं नाव सांगू लागलं, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं. माझ्यावरची नजर मात्र हलवली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी नाव आलं, तुकड्यातुकड्यांनी, पण पूर्ण.

"आलं मले ऐकू," काकू म्हणाल्या. "उद्या पुन्हा येजो."

मी वर्षभर रोज गेले. पुढच्या वर्गात नव्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा मी अडले, पोरं हसली, तरी पूर्ण नाव सांगूनच खाली बसले. घरी दप्तरही न ठेवता आधी काकूंकडे धावले. त्या पोळ्या करत होत्या. झालेलं सांगायला मला इतका वेळ लागला की तव्यावरची पोळी करपली. धूर झाला, पण माझं सांगून होईपर्यंत काकूंनी तव्याकडे पाहिलं नाही.