खंडोजीरावांची हाक आणि आमचे दिवे

बातमी आली ती मोबाइलवर, कानडीत, दोनच शब्दांची. अप्पा गेले. पाठवणारी भारती, खंडोजीरावांची मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. म्हैसूरला येऊन मला इतकी वर्षं झाली, एवढं कानडी आता वाचता येतं. तरी तो मेसेज मी चार वेळा वाचला. आदल्याच शनिवारी पार्सलच्या शेडमध्ये चहा पिताना हा माणूस मला म्हणाला होता, "मॅडम, तुमी स्वल्प जाडी झालात, बरं दिसतंय." आणि सोमवारी पहाटे झोपेतच हृदय थांबलं... त्याला चार आठवडे झाले.

मी सांगलीची. आमच्या कंपनीचं काम पार्सलं गावांनुसार वेगळी करणाऱ्या शेडमध्ये कॅमेरे आणि दिवे बसवण्याचं. त्या शेडमध्ये पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा खंडोजीराव एका लाकडी फळीवर उभे होते. सरकत्या पट्ट्यावरून पार्सल आलं की ते उचलायचं, पत्ता वाचायचा आणि गावाचं नाव पुकारायचं, एवढंच त्यांचं काम. "पिरियापट्टण" म्हटलं की त्या गावाच्या पोत्यापाशी उभा असलेला माणूस पार्सल झेलायला हात पुढे करायचा. पत्ता अर्धवट असो, अक्षर किड्यामुंग्यांचं असो, हा माणूस अडायचा नाही. आणि तो आवाज... काय सांगू? पत्र्याच्या शेडमध्ये पट्टा खडखडतोय, बाहेर ट्रक घरघरतायत, आणि त्या सगळ्यावरून स्वच्छ ऐकू येतोय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, घसा न बसता. मी हातातलं मोजमापाचं काम विसरून ऐकत राहिले होते. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत होते. घर चामराजपुरममध्ये, घरात बोलणं मराठी, तेही असं की दर तिसरा शब्द कानडी. मी मराठी बोलते म्हटल्यावर स्वारी खूश झाली.

पण मी आले होते ती त्यांचं काम घालवायला, आणि हे त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. वरचा कॅमेरा पत्ता वाचणार, बरोबर त्या पोत्यावरचा दिवा लागणार, माणसानं पार्सल टाकून बटण दाबलं की दिवा विझणार. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हणजे पुकारायला कोण नको?" कोणीच नको, मी म्हणाले. "आयतु," म्हणाले. ठीक आहे. मला वाटलं, झालं, हा माणूस आता आपल्याला सुखानं काम करू देत नाही.

चाचणी सुरू झाली आणि आमचे दात आमच्याच घशात गेले. चकचकीत चिकटपट्टी लावलेलं पार्सल आलं की कॅमेरा आंधळा. एच. डी. कोटे गावाचं पार्सल खुशाल दुसऱ्याच दिव्याखाली जायचं. मॅनेजरनं आठवड्याची मुदत दिली, नाही जमलं तर गाशा गुंडाळा. मी आधीच तोंडाची फटकळ. त्या दिवशी भर शेडमध्ये खंडोजीरावांना म्हणाले, "तुम्हीच मुद्दाम चकचकीत पार्सलं पुढे सारताय." आजही आठवलं की मान खाली जाते. त्यांनी एक पार्सल उचललं, माझ्यासमोर धरलं आणि मनगट जरासं वळवलं. "मी सरळ धरून कधी वाचत नाही, मॅडम. वरची ट्यूबलाइट त्यात दिसते, अक्षर दिसत नाही. तिरपं धरलं की दिसतं. तुमचा कॅमेरा सरळच उभा, बिचारा." बिचारा म्हणाले, कॅमेऱ्याला. आम्ही चार शिकलेली माणसं आठवडाभर संगणकात डोकं घालून बसलो होतो. कॅमेरा कलता केला, उजेडाची जागा बदलली, आणि दुपारपर्यंत दिवे अचूक लागू लागले.

मी माफी मागितली. मग राहवेना म्हणून विचारलंच, स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतलात? त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. भारती याच शेडमध्ये काम मागायला आली होती, म्हणाले. दोनदा. दोन्ही वेळा परत पाठवली, पुकारा ऐकू येत नाही तर पोत्यापाशी उभी राहून करणार काय? "माझ्याच आवाजानं माझ्या लेकीचं काम अडवलं, मॅडम. दिवा तर तिला दिसतो की." इतकं साधं बोलले ते. ज्या आवाजावर आयुष्य काढलं, तो आवाज या माणसानं मुलीसाठी उतरवून ठेवला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, ते अवघडले असते.

महिन्याभरात भारती कामाला लागली. दिवा लागतो न लागतो तोच हिचा हात पोत्याकडे निघालेला असायचा, सगळे बघत राहायचे. खंडोजीराव ट्रक उतरवायच्या बाजूला गेले. तिथून अधूनमधून येऊन लेकीचं काम बघायचे आणि परत जायचे.

अप्पांचे दिवस झाल्यावर भारती कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. सगळे अप्पांच्या आवाजाबद्दल बोलतात, तिनं लिहिलं होतं, कसा होता तो? मी लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मोठा म्हणू? स्वच्छ म्हणू? तिला या शब्दांचं काय? शेवटी मी तिला अप्पा उभे राहायचे त्या फळीवर उभं केलं, पट्टा बंद होता, आणि संगणकावरून दिवे लावायला घेतले. तिच्याजवळच्या पोत्यावरचा पहिला, मग पुढचा, मग त्यापुढचा, असे पार मागच्या भिंतीपर्यंत. भारती खाली उतरली आणि दिव्यांच्या कडेकडेनं चालत गेली. शेवटच्या दिव्याला हात लावून वळली, तेव्हा आमच्या दोघींमध्ये अख्खी शेड होती. तिथून तिनं हातानंच विचारलं, इथपर्यंत यायचा?

मी मान हलवली, आणि तिच्या मागचं उघडं दार दाखवलं, बाहेरचा रस्ता दाखवला. त्याच्याही पुढे.