सीचा प्लग

किस्से जमवावे लागत नाहीत. वीस वर्षं एकाच खोलीत डिस्क उचला, आपोआप साचतात. सून म्हणाली लिहून काढा, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी इथेच थांबावं!

सत्तर सालानंतरची गोष्ट. कलकत्त्यात गार्डन रीचच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. त्याला ड्राइव्हची सहा खोकी, प्रत्येक कपाटाएवढं. केकच्या डब्यासारख्या झाकणातली जड डिस्क आणून त्यांत बसवायची, हे माझं काम. पाच खोक्यांत अक्षरांचे प्लग खोचलेले: ए, बी, सी, डी, ई. सहावं जादाचं. मशीनला खोकं ओळखता येत नाही. प्लग ज्यात, त्याचं ते अक्षर.

ऑपरेटर बिमलदा चक्रवर्ती. म्हणायचे, "शिंदे, सी म्हणजे चक्रवर्ती! बाकीचे भाडेकरू!"

*

मुलाला शाळेत घालायला गेलो. हेडमास्तर म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

मी ए ते ई म्हणून दाखवलं.

"पुढचं?"

"पुढचं ऑफिसने घेतलं नाही!"

*

विश्वकर्मा पूजेला बिमलदांनी पाचही प्लग काढून ताटात ठेवले, शेंदूर लावला, फुलं वाहिली. परत मी लावले. हाताला येतील तसे!

नव्या भरतीची यादी छापली, तर त्यात सगळे रिटायर झालेले! साहेब धावत आले. "हे म्हातारे परत रुजू कसे झाले?"

बिमलदा शांतपणे म्हणाले, "विश्वकर्म्याची कृपा, साहेब!"

*

मग बिमलदांच्या पोटात गाठ निघाली. खिदिरपूरच्या हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेलो. पहिला प्रश्न, "माझा सी कसा आहे?"

मला गोड बोलता येत नाही. सांगून टाकलं, "तुमचं खोकं बंद पडलं. प्लग काढून जादाच्या खोक्यात घातला. काम चालू आहे."

"म्हणजे कोणाचं काही अडलं नाही?"

"नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सीचा प्लग उपटला आणि खिशात टाकला. दिवसभर काम ठप्प. इंजिनिअर जमिनीवर लोळून शोधतोय. साहेब ओरडले, "सी आहे कुठे?"

"हॉस्पिटलात, साहेब!"

त्यांना वाटलं, मी बिमलदांबद्दल बोलतोय. बरोबरच वाटलं.

संध्याकाळी प्लग बिमलदांच्या हातात दिला. "आज सगळं अडलं. तुमच्यावाचून."

ते पोट धरून हसले. दुखत होतं तरी हसले. "गाढवा, नोकरी जाईल! उद्या सकाळी येऊन घेऊन जा. आजची रात्र राहू दे माझ्याकडे."

सकाळी गेलो. खाटेवरची चादर बदललेली. नर्सने कागदाची पुडी दिली. तिच्यात चष्मा, कंगवा आणि प्लग.

ऑफिसात गेलो. प्लग खोचला. मशीनला जोडलेला टाइपरायटर खडखडला. नवा ऑपरेटर खुशीत मोठ्याने वाचू लागला,

"सी रेडी!"