हफिजाच्या नावावरचा तुकडा

कुवेतमधल्या महबूला भागातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावरची हफिजा शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायची. सहाव्या मजल्यावरच्या नीलाबाई नात अक्षराला घेऊन तिच्याकडे जायच्या आणि दुपारभर तिथंच रमायच्या. दोघी साठी ओलांडलेल्या, दोघी विधवा. एक कोझिकोडची, एक कोल्हापूरची. बोलणं मोडक्या हिंदीत, पण कधी अडलं नाही.

हफिजा तरुणपणी मल्याळी सिनेमात नटी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याचं घर सोडणाऱ्या, मनातली इच्छा तोंडावर बोलणाऱ्या बायका तिनं केल्या. पोस्टरवाल्यांनी त्यांचा बाजार मांडला, तरी तिला त्या भूमिकांचा अभिमान होता. नीलाबाईंचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नाचाच्या ग्रुपमधून त्या मद्रासला गेल्या आणि पोटासाठी डुप्लिकेट झाल्या. नटी संध्याकाळी घरी गेली की वितरकाची माणसं आंघोळीचा नाहीतर बिछान्याचा तुकडा वेगळाच चित्रित करायची. चेहरा नाही, नुसतं अंग. मग थिएटरात तो रिळात जोडला जायचा आणि नटीच्या नावानं शिट्ट्या वाजायच्या. बिचारीला पत्ताही नसायचा. हफिजाच्या दोन सिनेमांतली उघडी पाठ नीलाबाईंची होती. हफिजाशी ओळख झाल्यापासून सहा वर्षं त्यांनी ते दडवून ठेवलं होतं. बोललं तर आसरा जायचा. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मुलाच्या जिवावर, खाणंपिणं सुनेच्या हातचं.

एका मंगळवारी कुणीतरी त्यातलाच एक तुकडा मोबाईलवर फिरवला. शेजारी हफिजाचा तरुण चेहरा, लाल बाण आणि 'नटीचं काळं रहस्य'. मेल्यांना म्हातारीचीही लाज नाही! नीलाबाईंचा मुलगा जयदीप तेल कंपनीत इंजिनिअर. तो ऑफिसातून तणतणत थेट चौथ्या मजल्यावर आला.

"ऐसी औरत के पास मेरी बेटी?"

"वो मैं नहीं हूँ, बेटा," हफिजा म्हणाली.

'बेटा' ऐकून तर त्याचं डोकंच फिरलं. त्यानं तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. काच फुटली, भुवई फाटली, रक्त मुलांच्या वह्यांवर सांडलं. पोरं किंचाळत भिंतीला चिकटली. त्यानं पुन्हा हात उगारला तशा नीलाबाई मधे पडल्या.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतोस व्हय रं? ती पाठ तिची न्हाई. माझी हाय!"

"आई, वेड लागलंय का तुला?"

"फोन काढ. खांद्याखाली भाजल्याचा डाग बघ. लहानपणी तूच बोट फिरवायचास त्याच्यावर."

त्यानं बघितलं. एकदा, मग पुन्हा. आणि फोन भिंतीवर फेकून तो आईवर तुटून पडला. हफिजाला मारताना नव्हता इतका जोर आता त्याच्या हातात होता. नीलाबाईंचा दात तुटला. खाली पडल्या तर बुटाची लाथ बरगडीत बसली. अक्षरा "डॅडी, स्टॉप!" म्हणून ओरडत होती. आरडाओरडा ऐकून इमारतीच्या रखवालदारानं पोलिसांना फोन केला.

दारात पोलीस उभे राहिले आणि जयदीपचं अवसान गळालं. तो वाकून मराठीत कुजबुजला, "पडले म्हण. नाहीतर मला डिपोर्ट करतील. तुझाही इकामा जाईल. अक्षराची शाळा, सगळं जाईल."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

पोलिसानं आधी हफिजाला विचारलं. ती भुवईवर ओढणी दाबून बसली होती. नीलाबाईंकडे तिनं पाहिलं नाही, रडणाऱ्या अक्षराकडे पाहिलं.

"गिर गई," ती म्हणाली.

आता आणखी एक खोटं हफिजानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तेही नीलाबाईंच्या घरासाठी. त्या भिंतीला धरून उठल्या, तोंडातलं रक्त थुंकल्या आणि जयदीपची कॉलर पकडली.

"इसने मारा. हम दोनों को," त्या म्हणाल्या. "मेरा बेटा है. लिखो."