बायकोच्या भिडूची उतारी

माझ्या बायकोच्या ब्रिजमधल्या भिडूइतका हेवा करण्याजोगा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल, आणि हेवा करावा असं वरकरणी त्यांच्याकडे काहीही नाही. अंगकाठी दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखी, आवाज नाकातून, आणि निवृत्त होऊनही शर्टाच्या खिशात पोलादी मोजपट्टी. ते आणि माझी बायको महाळुंग्याच्या एकाच कंपनीत होते. ते क्वालिटीत, ती खरेदी विभागात. जेवणाच्या सुट्टीत डबे घाईनं संपवून तिथली मंडळी ब्रिज खेळायची. दोघं निवृत्त झाली, तसा तो डाव पिंपळे गुरवला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आला. मी खेळत नसे. कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचो आणि त्याचं पान उलटायला विसरायचो.

ब्रिजमध्ये भिडू समोरासमोर बसतात आणि त्यांना एकमेकांशी बोलायची बंदी असते. बोली संपली की एकानं पहिलं पान टाकायचं, तीच उतारी. ती आंधळी असते, कारण तोवर टेबलावर कुणाचीच पानं उघडलेली नसतात. इतर लोक उतारी करून मोकळे होतात. हे गृहस्थ तिच्यासाठी स्थळं पाहायचे. एक पान अर्धं वर काढायचे, न्याहाळायचे, परत खाली सारायचे, चष्मा पुसायचे, छताकडे बघायचे. त्यांच्या टेबलावर गावातले एक जुने पाटील बसत. ते म्हणायचे, "साहेब, आमी घरी जाऊन जेवून येतो. तवर झालं तर बघा. न्हाई झालं तरी हरकत न्हाई." गृहस्थांना हे ऐकूच जात नसे. हा विचार पत्त्यांपुरता असता तरी चाललं असतं. वडापाव कुठल्या बाजूनं चावायचा हेही ते असंच ठरवत. फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी इतकी शांतता, की समोरचा फोन ठेवून द्यायचा. त्यांची बायको सांगते, लग्नात घास भरवायच्या वेळी हे ताटाकडे इतका वेळ बघत राहिले, की फोटोवाला तेवढ्यात जेवून आला.

पण उतारी पडायची ती अशी, की बघणाऱ्यानं गप्प व्हावं. एकदा विरोधकांनी 'एक बदाम'नं बोली सुरू केली आणि बिनहुकमी डाव घेतला. माझी बायको सुरुवातीपासून फक्त 'पास' म्हणत होती. गृहस्थांच्या हातात किलवरची लांबलचक रांग होती. कुणीही शहाण्यानं तीच उतरली असती. त्यांनी टाकलं चौकटीचं छोटं पान, हातात चौकटीची जेमतेम दोन असताना. बायकोकडे चौकटच चौकट निघाली आणि विरोधकांचा डाव बुडाला. पाटलांचे भिडू लातूरकर कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं राव, तुमाला कसं कळलं?"

"मॅडम गप्प होत्या ना," गृहस्थ म्हणाले. "इस्पिक बदामाच्या वर, ते असते तर एकातच बोलल्या असत्या. खालच्या रंगाला दोनावर जावं लागतं, आणि खात्री नसली की त्या चढत नाहीत. किलवर माझ्याकडे. मग त्या गप्प कशावर होत्या? चौकटीवर. उतारी करताना आपला हात बघायचाच नसतो हो. समोरच्याचा बघायचा."

घरी परतताना बायको माझ्याशेजारून चालत होती आणि हसत होती. मी विचारलं, "एवढं काय?" ती म्हणाली, "काही नाही. त्यांना कळलं." मला ते दोन शब्द आजही टोचतात. मला तिच्याशी दिवसभर बोलायची मुभा होती, आणि ती गप्प बसली की मला वाटायचं, डोकं दुखत असेल. मी गोळी आणून द्यायचो. ती घ्यायचीही बिचारी.

ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण उठून तिच्याविषयी बोलला. हे गृहस्थ उभे राहिले, चष्मा पुसला, छताकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले. शेवटी खाली बसले. त्या दिवशी त्यांना उतारी सापडली नाही. सगळ्यांचे डोळे भरून आले आणि कुणीतरी त्यांना पाणी दिलं. नवरा मी होतो. पाणी आधी त्यांना मिळालं. खरं सांगतो, मला त्याचाही राग आला.

पुढे सवयीनं मी क्लबहाऊसला गेलो तेव्हा डाव चालू होता. पाटलांनी गृहस्थांसमोर आपला पुतण्या बसवला होता. बोली संपली आणि गृहस्थांनी फटकन पान टाकलं. दुसऱ्या डावातही तसंच. लातूरकर कळवळून म्हणाले, "काय करालाव राव? बघून तरी टाका!" ते म्हणाले, "बघून टाकलं काय, न बघता टाकलं काय." पाटलांना लवकर जेवायला जाता येत होतं, पण ते हलले नाहीत.

डाव संपल्यावर गृहस्थ माझ्या कोपऱ्याशी येऊन उभे राहिले. मोजपट्टी खिशातून अर्धी वर काढली, परत खाली सारली. मग म्हणाले, "समोर बसता का?"

मी बसलो, तिच्या खुर्चीत. इतकी वर्षं बघून नियम येत होते, बाकी काही येत नव्हतं. मी घाबरून 'पास, पास' म्हणत राहिलो. बोली संपली, उतारी त्यांची होती. त्यांनी एक पान अर्धं वर काढलं, थांबले, खाली सारलं. चष्मा पुसला. मग छताकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. पाटील खुर्चीत सैलावून म्हणाले, "व्हय, आलं गाडं रुळावर. आमी जेवून येतो." चहा गार होत होता.

माझ्या हातात काय असेल, याचा समोरचा माणूस जिवापाड विचार करत होता. ती रोज इथे अशी बसायची. मी पत्ते छातीशी धरले आणि मनात म्हटलं, घाई करू नका.